न विचारलेला दोष सांगावा काय?

मनुष्य पूर्ण विचार करून ज्या गोष्टी करतो त्या थोड्या. आधीं करून टाकून मग ज्यांस तो विचाराचें वस्त्र नेसवितो त्याच फार, असें म्हटल्यास वाचकांनीं रागावूं नये. प्रस्तुत लेखकानें असें एक कृत्य २०२३ सालच्या फेब्रुवारी महिन्यांत केलें. त्यापासून पैशाचें जें नुकसान झालें तें घरांतल्या घरांत सोसतां येण्याजोगें होतें. परंतु त्या कृत्याच्या पोटांतून एकामागून एक असे कांहीं प्रश्न निघाले कीं, शाळेंत चौतीस वर्षें मुलांस नीतीचे धडे देऊनहि मला त्यांचें तयार उत्तर सांपडलें नाहीं. हे प्रश्न केवळ माझे आहेत असें वाटत नाहीं. ज्यानें म्हैस, बैल, सायकल किंवा शिवणयंत्र दुसऱ्यापासून घेतलें अथवा दुसऱ्यास विकलें आहे, त्याच्या दारावरून ते एकदां तरी गेलेच असतील.

हकीकत अशी. आमच्या मळ्यांतील विहिरीवरचा विजेचा पंप जानेवारीच्या अखेरीस जळाला. तो पुन्हां भरून घेण्याजोगा राहिला नव्हता. गहूं ओंबीवर आला होता व पाण्याच्या अजून दोन पाळ्या द्यावयाच्या होत्या. नवा पंप, केबल व नळ यांसाठीं आम्हीं ४६,००० रुपये जमविले. त्यांपैकीं १६,००० माझ्या पत्नीच्या दोन शेळ्यांचे होते. शेळ्या विकतांना ती कांहीं बोलली नाहीं. मात्र त्यांचीं दावीं तिनें गिऱ्हाइकास दिलीं नाहींत, गोठ्यांतल्या खुंटीस गुंडाळून ठेविलीं.

पैसे घेऊन मी तालुक्याच्या गावीं गेलों. पंपाच्या दुकानाच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेस निंबाच्या झाडाखालीं फिकट निळ्या रंगाची एक प्रीमियर पद्मिनी मोटार उभी होती. काचेवर खडूनें 'विकणें आहे' असें लिहिलें होतें. मी नुसतें पाहावें म्हणून थांबलों. अर्ध्या तासानें ४०,००० रुपये दलालाच्या हातांत होते व किल्ली माझ्या हातांत होती. पंपाच्या दुकानापर्यंत मी गेलोंच नाहीं.

ज्या वाचकांचा जन्म अलीकडचा आहे त्यांच्यासाठीं दोन शब्द. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापिली. मुंबईस कुर्ला येथील तिच्या कारखान्यांत पुढें इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्यानें मोटारी तयार होऊं लागल्या. १९६४ सालीं जो ११०० जातीचा नमुना निघाला, तोच १९७४ पासून पद्मिनी या नांवानें ओळखला जाऊं लागला. चितोडच्या राणीचें तें नांव. चार सिलिंडरांचें १०८९ घन सेंटिमीटरांचें इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअरची काठी, पुढें दोन वाटोळे दिवे. एके काळीं ही मोटार मिळावी म्हणून लोक पैसे भरून वर्षानुवर्षें नंबर लागण्याची वाट पाहत. शतक पालटण्याच्या सुमारास तिचें उत्पादन थांबलें. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींत शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं ताडदेव येथें नोंदली गेली होती. टॅक्सीस वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळें ३० ऑक्टोबर २०२३ पासून तीहि धंद्यांतून गेली. म्हणजे ज्या वर्षीं मुंबईनें तिला निरोप दिला, त्याच वर्षीं मीं तिला घरीं आणिलें. मुंबईकर शहाणे ठरले.

मी घरीं पोंचलों तेव्हां माझी पत्नी अंगणांत धान्य पाखडीत होती. तिनें मोटारीकडे पाहिलें, माझ्याकडे पाहिलें, व सूप खालीं न ठेवतांच विचारलें, "अहो, ही पाणी काढील का?" या प्रश्नास मजजवळ उत्तर नव्हतें, व आजहि नाहीं.

आतां या आवेगाचें मूळ काय, हें मीं पुष्कळ दिवस शोधिलें. चैनीची आवड म्हणावी, तर मीं जन्मभर सायकल वापरली. थोरपणाचा सोस म्हणावा, तर खेड्यांतल्या निवृत्त मास्तराकडे पाहणार कोण? मग एके रात्रीं आठवलें. १९७६ सालच्या पावसाळ्यांत, मी बारा वर्षांचा असतांना, माझ्या आईस शेतांत साप चावला. योगायोगानें एक डॉक्टर त्या संध्याकाळीं शेजारच्या वस्तीवर आले होते. त्यांनीं तिला आपल्या मोटारींत घालून चिखलांतून वीस मैलांवरच्या दवाखान्यांत नेलें व ती वांचली. ती मोटार फिकट निळ्या रंगाची पद्मिनी होती. मागच्या बाकावर आईचें डोकें मांडीवर घेऊन मी बसलों होतों, व पुढें वायपरचा खट् खट् आवाज चालला होता.

तेव्हां निंबाच्या झाडाखालीं मला जो मोह झाला त्याच्या तळाशीं कृतज्ञता होती. हें समजल्यावर मला प्रथम फार समाधान वाटलें. जणूं काय गुन्ह्याची माफीच मिळाली. परंतु हें समाधान टिकलें नाहीं. ऋण होतें तें त्या डॉक्टरांचें, आणि फेडावयास निघालों तें पत्र्याचें. डॉक्टर १९९४ सालीं वारले. त्यांच्या हयातींत मीं त्यांस आभाराचें एक पत्रहि लिहिलें नव्हतें. ज्या माणसाचें आपण देणें लागतों त्याला कांहीं न देतां, त्याच्या वस्तूसारखी एक वस्तु विकत घेऊन मन शांत करावें, व तेंहि शेळ्यांच्या पैशांनीं, यास कृतज्ञता म्हणावयाचें असेल तर त्या शब्दाचा अर्थ बदलावा लागेल. चांगली भावनासुद्धां चुकीच्या दारीं जाऊन उभी राहूं शकते.

ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल यानें आपल्या नीतिशास्त्राच्या सातव्या पुस्तकांत मनावर ताबा नसलेल्या माणसांचे दोन वर्ग केले आहेत. एक वर्ग विचार करतो, परंतु विकारापुढें त्या विचारास चिकटून राहत नाहीं. दुसरा आवेगाच्या भरांत विचार करीतच नाहीं. यांपैकीं दुसरा वर्ग त्यानें त्यांतल्या त्यांत बरा ठरविला आहे. मला हें वाचून दिलासा वाटावयास हवा होता. परंतु माझा आवेग अर्ध्या तासांत संपला. त्यानंतर जें कांहीं मीं केलें तें सर्व विचार करून केलें. म्हणून फेब्रुवारींतल्या त्या अर्ध्या तासापेक्षां पुढचे चौदा महिने मला अधिक दोषास्पद वाटतात.

दोष दिसूं लागले ते पहिल्याच दिवशीं. गांवच्या शाळेजवळ ब्रेक दाबला तेव्हां तो तळापर्यंत गेला व गाडी थांबली नाहीं. तीनदां पाय मारावा लागला. दुसऱ्या दिवशीं मोटार धुतांना आंत सांडलेलें पाणी क्षणांत नाहींसें झालें. रबरी चटई उचलून पाहतों, तों खालीं पत्रा नव्हता; डांबरांत बुडविलेलें गोणपाट चिकटवून त्यावर काळा रंग मारलेला होता. दारांच्या कडांस लांबी भरून वर रंग दिलेला होता. नखानें टोकरली कीं पोपडा निघे. दलालानें ही चटई नवी टाकली होती, व मीं ती पाहून मनांत म्हटलें होतें कीं, मालकानें मोटार किती जपली आहे! त्या दलालास मीं त्या दिवशीं जीं नांवें ठेविलीं तीं येथें छापण्याजोगीं नाहींत. वाचकांनीं ही चटई लक्षांत ठेवावी.

तालुक्याच्या गावीं एक वृद्ध मिस्त्री आहेत. सर्व लोक त्यांस चाचा म्हणतात. सत्तरी उलटली आहे; वयाच्या तेराव्या वर्षापासून फियाटच्या इंजिनांत त्यांचे हात आहेत. त्यांनीं मोटारीभोंवती एक फेरी मारली, खालीं निजून टॉर्चनें पाहिलें व उठून विचारलें, "गुरुजी, किती दिले?" मीं सांगितलें. ते गप्प राहिले. मग म्हणाले, "इंजिनाला दिले असतील."

मला आधीं रंग द्यावयाचा होता. शेजारीपाजारी हंसत होते. मोटार चकाकली म्हणजे हंसणें थांबेल अशी माझी समजूत. चाचांनीं ऐकलें नाहीं. "आधीं ब्रेक. मग स्टिअरिंग. मग दिवे. मग तुमचें इंजिन. रंग राहिला तर राहिला." मीं कारण विचारलें, तेव्हां त्यांनीं जें सांगितलें तें असें कीं, इंजिन बंद पडलें तर त्रास तुम्हांला, ब्रेक गेला तर त्रास दुसऱ्याला. या एका वाक्यावर मीं पुढें पुष्कळ विचार केला आहे. ज्या दोषापासून दुसऱ्यास अपाय होतो तो प्रथम, ज्यापासून आपणांस अपाय होतो तो नंतर, ज्यापासून केवळ गैरसोय होते तो त्याच्या मागून, व ज्यापासून केवळ लाज वाटते तो सर्वांच्या शेवटीं, असा हा क्रम आहे. आपण आपले स्वतःचे दोष सुधारावयास बसतों तेव्हां नेमका उलटा क्रम धरतों. चारचौघांत दिसणारे आधीं, व ज्यांखालीं घरचीं माणसें चिरडतात ते शेवटीं.

ब्रेक उघडले तेव्हां मला एक गोष्ट कळली. या मोटारीच्या चारहि चाकांस एकाच मास्टर सिलिंडरांतून तेल जातें. एके ठिकाणीं गळती झाली कीं चारहि चाकांचा जोर जातो. ब्रेकचें तेल हवेंतलें पाणी शोषून घेतें, व तें पाणी सिलिंडरास आंतून गंजवितें. रबरी वाट्या कडक होतात. आणि हें सर्व मोटार धांवतांना जितकें होतें त्याहून उभी राहिली म्हणजे अधिक होतें. कार्बोरेटरांतहि तोच प्रकार. पेट्रोल सुकून त्याचा डिंकासारखा थर बारीक छिद्रांत बसला होता. पेट्रोलच्या रबरी नळ्या तर हातांत घेतांच तुटल्या. चाचा म्हणाले, हा हल्लींच्या पेट्रोलांतल्या इथेनॉलचा प्रताप. जुन्या रबरास तें सोसत नाहीं. आमच्या भागांत ऊस पिकतो, व कारखाने त्यापासून इथेनॉल करतात. म्हणजे आमच्याच उसानें माझ्या मोटारीच्या नळ्या खाल्ल्या. दोष कोणास द्यावा?

सुटे भाग कुर्ल्याच्या जुन्या बाजारांतून आले. जेथें ही मोटार जन्मली तेथूनच, मोडीत निघालेल्या तिच्या बहिणींच्या अंगावरून काढलेले. ब्रेकला ९,५०० रुपये, बोअरिंग व पिस्टन-रिंगांसह इंजिनास २४,०००, पत्र्याच्या कामास व रंगास ३१,०००, टायरांस १४,०००, बॅटरी व वायरिंगला ८,५००. शिवाय सरकारी कागद. आपल्या कायद्याप्रमाणें खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षें चालते. त्यानंतर तपासणी करून पांच पांच वर्षांनीं ती नवी करावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून अशा मोटारींचें हें शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० केलें गेलें होतें. पर्यावरण कर वेगळा. कागदांस सुमारें ८,००० गेले. एकूण ९५,०००. चार आण्याची कोंबडी व बारा आण्याचा मसाला ही म्हण मीं मुलांस अर्थासह पाठ करविली आहे.

येथें दुसरा प्रश्न. प्रत्येक वेळीं चाचा नवा खर्च सांगत, व प्रत्येक वेळीं मी म्हणे, "इतके घातले, आतां मागें कसें फिरावें?" पंचेचाळीस हजारांनीं पन्नास हजारांस ओढून आणिलें, पन्नासांनीं सत्तरांस. हिशेबी माणूस सांगेल कीं, गेलेला पैसा गेला. आतां घालावयाचा पुढचा रुपया योग्य आहे कीं नाहीं एवढेंच पाहावें. हें खरें आहे, आणि मीं तें पाळलें नाहीं. परंतु हें पूर्ण सत्य आहे असेंहि मला वाटत नाहीं. ज्यानें आजारी बैलाचा, नापास होणाऱ्या मुलाचा, किंवा पडक्या शाळेचा भार घेतला, तो जर प्रत्येक महिन्यास पुढच्या रुपयाचाच हिशेब करील, तर जगांतलीं निम्मीं चांगलीं कामें अर्ध्यावर पडतील. टिकून राहणें हाहि गुण आहे. भेद इतकाच कीं, मूल अथवा बैल आपणांवर अवलंबून असतो; त्यास आपण सोडलें तर त्यास दुःख होतें. मोटारीस दुःख होत नाहीं. मी जें टिकून राहणें म्हणत होतों त्यांत निष्ठा थोडी होती. आपण मूर्खपणा केला हें कबूल करण्याची भीति फार होती. जोंवर मोटार दुरुस्त होत आहे तोंवर व्यवहार पुरा झालेला नाहीं, व जोंवर व्यवहार पुरा नाहीं तोंवर तो चुकला असें कोणी म्हणूं शकत नाहीं, असें हें तर्कशास्त्र. दरम्यान गव्हास शेवटचीं पाणीं शेजाऱ्याच्या विहिरीवरून उसनीं घेतलीं, आणि तीं मागावयास माझी पत्नी गेली. मी गेलों नाहीं.

२०२४ सालच्या एप्रिलांत मोटार तयार झाली. निळा रंग, नवीं आवरणें, इंजिनाचा आवाज शिवणयंत्रासारखा. फक्त एक गोष्ट राहिली होती. या मोटारीस ट्रकप्रमाणें वेगळी लोखंडी चौकट नाहीं. पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. तळाचा पत्रा चाचांनीं नवा बसविला. परंतु उजव्या दाराखालची जी पोकळ पेटी सर्व भार झेलते ती आंतून गंजलेली होती. तिच्यावर त्यांनीं वरून पट्टी जोडली व मला स्वच्छ सांगितलें कीं, ही पट्टी कायमची नव्हे; सर्व पेटी कापून नवी घालावयास आणखी १२,००० लागतील. मजजवळ तेव्हां १२,००० नव्हते. मीं म्हटलें, "राहूं द्या. वरून चटई टाका, म्हणजे जोड दिसणार नाहीं."

चाचांनीं चटई हातांत घेतली, परंतु टाकली नाहीं. ते म्हणाले, "गुरुजी, ही चटई आधीं ज्यानें टाकली होती, त्याला तुम्ही काय म्हणत होतां?"

मी त्या वेळीं हंसून वेळ मारून नेली. चटई मीं घरीं येऊन स्वतः टाकली.

मोटार विकावयाची हें तोंवर ठरलें होतें. आठ दिवसांत माझाच एक जुना विद्यार्थी आला. त्यास लग्नांत नवरानवरीस मिरविण्यासाठीं अशा जुन्या मोटारी भाड्यानें देण्याचा धंदा करावयाचा होता. त्यानें १,५०,००० रुपये देऊं केले. माझा सर्व खर्च १,३५,००० झालेला. म्हणजे पंधरा हजार वर. मीं त्यास म्हटलें, "अरे, एखादा मिस्त्री आणून दाखवून तरी घे." तो म्हणाला, "सर, तुम्ही विकतां म्हटल्यावर दाखवायचें काय?" रविवारीं पैसे आणतों असें सांगून तो गेला.

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं, असें लिहिणें सोपें आहे. परंतु मला झोंप चांगली लागली. पहांटे जाग आली ती मात्र युक्तिवादांसह.

पहिला युक्तिवाद असा कीं, मलाहि असेंच फसविलें गेलें. मीं नुकसान सोसलें. आतां तें पुढें सरकावें यांत विशेष काय? हा फार काळ टिकला नाहीं. खोटा रुपया आपल्या पदरीं आला म्हणून तो दुसऱ्याच्या पदरीं घालण्याचा हक्क मिळत नाहीं, हें पोरासहि कळतें. दुसरा असा कीं, जुनी वस्तु घेणारा धोका जाणूनच घेतो, व त्याबद्दलच किंमत कमी असते. हा अधिक बळकट. परंतु त्यास थोडें उलटून पाहावें. धोका जाणून किंमत ठरते असें म्हणावयाचें, व धोका त्यास कळूं द्यावयाचा नाहीं! तो दीड लाख देत होता तो धोका जाणून देत नव्हता, निर्धोक समजून देत होता.

तिसरा युक्तिवाद कायद्याचा, व तोच मला सर्वांत आवडला. आपल्या देशांतला १८७२ चा कराराचा कायदा अद्याप चालू आहे. त्याचें सतरावें कलम सांगतें कीं, केवळ मौन म्हणजे कपट नव्हे. तेथें घोड्याचें उदाहरण दिलें आहे: लिलांवांत घोडा विकणाऱ्यास घोड्याचा दोष ठाऊक आहे, तो कांहीं बोलत नाहीं, तरी तें कपट ठरत नाहीं. येथपर्यंत वाचून मी खुष झालों. परंतु कलमाच्या आरंभींच, ठाऊक असलेली गोष्ट कांहीं कृति करून झांकून ठेवणें हें कपटांत घातलें आहे. म्हणजे मौन एक, व चटई निराळी. चटई ही मौन नव्हे. ती बोलते, आणि खोटें बोलते. मीं उठून मोटारींतली चटई काढून ओट्यावर टाकली. आतां मी कायद्याच्या बाजूस आलों, कांहीं न सांगतां.

दुर्दैवानें त्या घोड्याच्या पुढें आणखी उदाहरणें आहेत. घेणारी जर विकणाऱ्याची नुकतीच वयांत आलेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळेंच घोड्याचा दोष सांगणें त्याचें कर्तव्य होतें. आणि घेणारा जर म्हणाला कीं, तुम्ही नाहीं म्हणत नाहीं तर मी घोडा निर्दोष धरतों, तर तेथें गप्प बसणें हें बोलण्यासारखेंच. विद्यार्थी मुलगा नव्हे. पण मास्तर आणि विद्यार्थी यांमधलें अंतर घोडेबाजारांतल्या दोन अनोळखी माणसांइतकें नाहीं. आणि "तुम्ही विकतां म्हटल्यावर दाखवायचें काय" या वाक्याचा दुसरा अर्थ मला लावतां आला नाहीं. तें कायद्याच्या कचेरींत टिकेल कीं नाहीं हें वकिलांनीं सांगावें. मला स्वतःस तें पुरेसें वाटलें.

हाच वाद दोन हजार वर्षांपूर्वीं रोममध्यें सिसेरो यानें इ. स. पूर्वी ४४ सालीं लिहिलेल्या आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या पुस्तकांत मांडला आहे. एक मनुष्य घर विकतो. घरांत राहणें अपायकारक आहे, लांकूड कुजलेलें आहे, व हें मालकावांचून कोणास ठाऊक नाहीं. एक पंडित म्हणतो, त्यानें घ्या असा आग्रह केला नाहीं, मग सर्वच दोष काय दवंडी पिटून सांगावे? दुसरा म्हणतो, वाटसरूस वाट न दाखविणें याहूनहि हें वाईट, कारण येथें आपण त्यास जाणूनबुजून चुकूं देतों. सिसेरो दुसऱ्याच्या बाजूस झुकतो, व एक मोठी उपयोगी खूण देतो. प्रत्येक न बोललेली गोष्ट लपविलेली नसते. ज्यास ती कळणें महत्त्वाचें आहे त्यास ती कळूं नये अशी इच्छा आपण आपल्या फायद्यासाठीं धरतों, तेव्हां तें लपविणें होतें. डाव्या काचेचें हँडल घट्ट फिरतें हें मीं त्या विद्यार्थ्यास सांगितलें नाहीं. तें त्यास पहिल्या मिनिटांत कळणार होतें, व त्यावांचून कोणी मरणार नव्हतें. पेटीची गोष्ट निराळी. ती त्यास दिसणार नव्हती. आणि त्या पेटीवर बसणार होते ते मी नव्हे, तोहि नव्हे, तर कोणाच्या तरी घरचीं हळदीच्या अंगाचीं दोन माणसें. आधीं ब्रेक, हें चाचांचें वचन येथेंहि लागू पडलें.

ज्यास ही चर्चा लांबलचक वाटेल त्यास माझें सांगणें कीं, ती इतकी लांबली याचें कारण पंधरा हजार रुपये. पैसे नसते तर मला उत्तर एका मिनिटांत सांपडलें असतें.

रविवारीं तो आला. मीं त्यास खालीं वांकावयास लावून टॉर्च दाखविला व पट्टी दाखविली. चाचांनीं सांगितलेला खर्च सांगितला. त्याचा चेहरा उतरला. मला वाटलें होतें कीं, माझ्या खरेपणानें तो प्रसन्न होईल. तसें कांहीं झालें नाहीं. त्यास आपला धंदा हातचा गेलासा वाटला, व माझा थोडा रागहि आला असावा, कारण आदल्या आठवड्यांत मीं कांहीं म्हटलें नव्हतें हें त्याच्या ध्यानांत आलें. तो म्हणाला, "सर, हें तुम्ही त्या दिवशींच कां नाहीं सांगितलें?" मीं म्हटलें, "त्या दिवशीं सांगावयाचें नव्हतें." तो कांहीं न बोलतां निघून गेला.

बावीस दिवस कोणी आलें नाहीं. मग तो चाचांस बरोबर घेऊन आला. पेटी कापून नवी घालावी, तो खर्च त्यानें करावा, व मोटारीचे १,२०,००० मला द्यावे असें ठरलें. मला पंधरा हजारांचा तोटा. नमुना २९ व नमुना ३० यांवर सह्या झाल्या आणि मोटार गेली. पंप त्याच आठवड्यांत बसला. तोंपर्यंत एक वर्षानें त्याची किंमत वाढलेली होती. बाकीचे पैसे ज्यांचे उसने घेतले होते त्यांचे त्यांस परत केले.

लग्नसराईंत ती मोटार कधीं कधीं आमच्या रस्त्यानें जाते, झेंडूच्या माळा लावलेली. आवाजावरूनच मला कळतें. माझी पत्नी काम न थांबवितां म्हणते, "तुमची गेली बघा." दावीं अजून गोठ्यांतल्या खुंटीवर आहेत.